दर जाहीर झाला, पाकीट कुठाय?

२०११ मध्ये सहा रुपयांना सहा. २०१८ मध्ये पाच रुपयांना आठ. २०१९ मध्ये एक रुपयाला एक. २०२२ मध्ये एक रुपयाला दहा. सरकारी सॅनिटरी पॅडचे जाहीर झालेले भाव हे असे. घोषणांवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रातल्या गरिबातल्या गरीब बाईचा हा प्रश्न केव्हाच मिटायला हवा होता.

आता देवगाव फाट्यावर उतरा. जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे फुटतो, ती ही जागा. तालुका सेलू, जिल्हा परभणी. मराठवाड्यात आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचा सगळा व्यवहार अशा फाट्यांवरच होतो. एसटी इथे, काळीपिवळी इथे, चहा, किराणा, खत-बियाणं, औषधं सगळं इथेच. पाळी आलेल्या बाईला पॅड हवं असेल तर तिलाही इथेच यावं लागतं. अशा कुठल्याही फाट्यावर उभ्या असलेल्या बाईला विचारा, शेवटचं पाकीट कितीला घेतलं? ती सहा रुपये म्हणत नाही, पाच म्हणत नाही, एक तर नाहीच नाही. कंपनीने पाकिटावर छापलेला भाव सांगते.

हिशोब करू. पाळीचे चार-पाच दिवस, दिवसाला तीन पॅड, म्हणजे महिन्याला बारा ते पंधरा. सहा-सात पॅडचं साधं पाकीट तीस-चाळीस रुपयांना मिळतं आणि एकीला दोन लागतात. घरात आई आणि दोन मोठ्या मुली असतील तर महिन्याला सहा पाकिटं, दोनशे रुपयांच्या आसपास. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती, तीही काम निघालं तर. शेतात बाईच्या हातावर बहुधा त्याहून कमी पडतात. म्हणजे महिन्यातला जवळजवळ एक अख्खा रोज तिघींच्या पाळीवर घालायचा. तेल आणायचं असतं, दवाखाना असतो, बचत गटाचा हप्ता असतो. अशा घरात पॅडचा खर्च सगळ्यात आधी कापला जातो, कारण तो कापल्याचं घरातल्या कुणा पुरुषाला कळतसुद्धा नाही. तेल संपलं तर ताटात कळतं. पॅड संपलं तर ती एकटी सोसते.

मग एक पाकीट तिघींत वाटून घेतलं जातं. शाळेत जाणाऱ्या मुलीला पॅड, आईला फडकं. मुलगी सकाळी लावलेलं पॅड संध्याकाळपर्यंत काढत नाही. त्यातून खाज, जळजळ, पांढरं जाणं सुरू होतं. दवाखान्याचा खर्च नको म्हणून तेही अंगावर काढलं जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारलं की पाळीत काय वापरता. सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या ९५ टक्के जणी स्वच्छ साधन वापरत होत्या. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यातल्या ५४ टक्के. हे अंतर मुख्यतः खिशाचं आहे. तरी आमच्याकडे उपाय काय होतो? जनजागृती. भित्तिपत्रक, व्याख्यान, पाहुण्या डॉक्टरीणबाई, गुलाबी फलक, फोटो. मुलींना माहिती नाही, हे वाक्य अधिकाऱ्यांनी आता बोलायचं बंद करावं. मुलींना सगळं माहीत आहे. त्यांच्याकडे चाळीस रुपये नाहीत.

योजना बिनडोक होत्या असं मी म्हणणार नाही. चांगल्या होत्या, म्हणूनच राग जास्त येतो.

सहा रुपयांची योजना केंद्राची. पाकिटाचं नाव फ्रीडेज. पहिल्या टप्प्यात १७ राज्यांतले १०७ जिल्हे. विक्री आशाताईंकडे, पाकिटामागे त्यांना एक रुपया. गावातल्या बाईने गावातल्या मुलीच्या हातात पाकीट द्यायचं, मध्ये पुरुष नाही, दुकान नाही, फाट्यापर्यंत पायपीट नाही. याहून सरळ रस्ता अजून कुणाला सुचलेला नाही. २०१४ पासून खरेदीचं काम राज्यांकडे गेलं. खरेदी राज्याकडे म्हणजे निविदा, मंजुरी आणि निधी यांच्या रांगेत. त्या रांगेत फाईल थांबली की आशाताईची पिशवी रिकामी राहते आणि दारात उभ्या मुलीला उत्तर तिलाच द्यावं लागतं.

पाच रुपयांची योजना राज्याची, अस्मिता. ८ मार्च २०१८ ला सुरू झाली. ग्रामविकासमंत्री पंकजा मुंडे होत्या, मराठवाड्याच्याच. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, गावातल्या इतर बायांना २४ आणि २९ रुपयांत, विक्री बचत गटांमार्फत. यातही डोकं होतं. मुलींना स्वस्त मिळेल, गटातल्या बायांना चार पैसे मिळतील. पण पाकिटांची मागणी नोंदवणं, माल आणणं, तो साठवणं, दारोदार विकणं ही सगळी कामं ज्यांच्यावर टाकली, त्या गटांचं भांडवल किती असतं? मजुरीवर जाणाऱ्या दहा बायांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून उभा केलेला तो पैसा. त्यात माल अडकला, किंवा दोन महिने आलाच नाही, तर गट ते काम सोडून देतो. त्याला दोष देता येत नाही. दोष पुरवठ्याची हमी न देणाऱ्याचा आहे.

पाळी दर महिन्याला येते. पाकीट सहा महिन्यांतून एकदा येत असेल तर तिला योजना म्हणू नका.

मग आला एक रुपया. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस, जागतिक मासिक पाळी स्वच्छता दिनाच्या निमित्ताने, तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी घोषणा केली. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बचत गटांतल्या ग्रामीण बायांना महिन्याला दहा पॅड एक रुपयात, लाभ ६० लाख बायांना, सुरुवात १५ ऑगस्टला. २९ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. १५ ऑगस्ट उजाडला तेव्हा शब्द देणारा मंत्री मंत्री नव्हता आणि शब्द देणारं सरकार सरकार नव्हतं.

त्याच दिवशी, १५ ऑगस्ट २०२२ ला, स्कॉटलंडमध्ये एक कायदा अमलात आला. पाळीची साधनं ज्याला लागतील त्याला फुकट मिळतील अशी व्यवस्था करणं तिथल्या स्थानिक संस्थांवर आणि शिक्षणसंस्थांवर बंधनकारक झालं. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. तो देश श्रीमंत आहे, लोकसंख्या आपल्या एखाद्या महानगराहून कमी आहे, हे मान्य. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी कायदा केला. मंत्री बदलला, पक्ष बदलला तरी कायदा राहतो. आपल्याकडे पॅड मंत्र्यासोबत येतं आणि मंत्र्यासोबत जातं.

उरलं जनऔषधी, म्हणजे केंद्र सरकारची स्वस्त औषधांची दुकानं. 'सुविधा' नावाचं पॅड तिथे जून २०१८ मध्ये अडीच रुपयांना सुरू झालं आणि २७ ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळू लागलं. देशात खरोखर विक्रीला असलेल्या सगळ्यात स्वस्त पॅडांपैकी हे एक. केंद्र सरकारचं हे काम चांगलं आहे आणि ते चांगलं म्हटलंच पाहिजे. पण जनऔषधी केंद्रं प्रामुख्याने शहरांत आणि तालुक्याच्या गावी. वस्तीवरच्या बाईने बारा रुपयांची पॅड आणायला तालुक्याला जायचं? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा खूप आधार झाला. पण जाण्यायेण्यात आणि गाडीची वाट पाहण्यात जो अर्धा रोज बुडतो, त्याला सवलत नाही. बारा रुपयांचा माल तिला दीडशेला पडतो. म्हणून ती जात नाही, फाट्यावर चाळीस रुपये मोजते किंवा फडकं घेते.

कराची गोष्ट थोडक्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त होत्या आणि पॅडवर १२ टक्के कर होता. देशभर ओरड झाली, न्यायालयात याचिका गेल्या, तेव्हा कुठे २१ जुलै २०१८ ला जीएसटी परिषदेने तो कर काढला. काढला हे योग्यच. पण माल करमुक्त झाला की कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट उत्पादकाला मिळत नाही. त्यामुळे कर काढला म्हणजे बारा टक्के स्वस्ताई झाली, असं होत नाही. कर काढल्याचा जल्लोष दिल्लीत झाला. फाट्यावरच्या बाईला त्यातून किती सुटलं, हे कुणी विचारलं नाही.

आता ज्या बाईबद्दल बोलतोय तिच्या शेतात जाऊ. सेलू, मानवत, परभणी हा कापसाचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते आणि ती बायाच करतात. कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकायचं. मजुरी किलोवर. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पोटऱ्या वळतात, कंबर धरते, म्हणून ती तासभर बांधावर बसली तर तेवढे किलो कमी. रानात आडोसा नाही, पाणी नाही, बदललेलं फडकं ठेवायला जागा नाही. ओलं फडकं घासून जांघा सोलून निघतात आणि ती तशीच चालते. तिच्या हातचा हा कापूस वर्षभर बाजार चालवतो. दुकानातल्या बहुतेक पॅडमध्ये मात्र कापूस नसतोच. आत लाकडाच्या लगद्याचा भुगा, ओल शोषणारी रसायनाची पूड, वर-खाली प्लास्टिकचा पातळ थर. तो लगदा मोठ्या प्रमाणात परदेशातून येतो. कापसाच्या पट्ट्यात जिनिंग आहे, शिवणयंत्रं आहेत, हाताला काम मागणाऱ्या बाया आहेत. इथे सुती पॅडचा कारखाना का उभा राहिला नाही, हा प्रश्न परभणीच्या लोकप्रतिनिधींनी एकदा तरी उद्योगमंत्र्यांना विचारावा.

कापसाहून ऊस वाईट. परभणीतूनही, विशेषतः गंगाखेड-सोनपेठ भागातून, टोळ्या तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. पाळीला खाड्यातून सूट नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने २०१९ मध्ये ऐकलं. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, शिफारशी झाल्या. सगळ्या शस्त्रक्रियांचं कारण पाळी होतं असं कुणी म्हणत नाही. पण पाळीचा त्रास आणि बुडणारा रोज ही दोन कारणं बायांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. महिन्याला बारा पॅड, पाण्याची टाकी, एक आडोसा आणि दोन दिवसांची सूट एवढंही या राज्याने त्यांना दिलं नाही. कारखान्याने दिलं नाही, मुकादमाने दिलं नाही. तिने अवयव दिला.

इथे कुणीतरी म्हणेल, पूर्वी बाया फडकंच वापरायच्या. वापरायच्या. आणि सुती फडकं वाईट नाही, हे मी ठामपणे सांगते. स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड वापरण्यात काहीही गैर नाही. पुण्याची 'समाजबंध' संस्था जुन्या सुती कपड्यांपासून धुऊन वापरता येणारी पॅड शिवते आणि आदिवासी पाड्यांपर्यंत नेते. तो एक खरा उपाय आहे. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये पाच हजार मेन्स्ट्रुअल कप फुकट वाटले. एक कप नीट वापरला तर कित्येक वर्षं टिकतो. हेही खरं. पण कापडाला आणि कपाला दोन गोष्टी लागतात: पाणी, आणि दार लावता येईल अशी जागा. ज्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे रक्ताचं फडकं धुवायला पाणी कोण देणार? आणि दोरीवर ते उन्हात वाळत घालायचं धाडस किती घरांतली सून करू शकते? ते माळ्यावर, पलंगाखाली, दुसऱ्या ओल्या कपड्याच्या आड वाळतं, म्हणजे वाळतच नाही. कापड स्वस्त आहे, पण त्याची स्वच्छता महाग आहे. गरिबाला स्वस्त वस्तू देऊन तिच्याबरोबर लागणारं पाणी न देणं ही फसवणूक आहे.

शाळेचं बोलायलाच हवं. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. कुणाला पाळी आली आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी केली गेली. पालक संतापले, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या बातमीतला एक प्रश्न तसाच राहिला. डाग पडला तेव्हा त्या मुलीच्या हाताशी पॅड होतं का? शाळेत मिळालं असतं का? मुलीला पकडायला माणसं सापडली. तिला पाकीट द्यायला कुणी नेमलं होतं का?

सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ ला केंद्राला सांगितलं की शाळकरी मुलींच्या पाळीसाठी देशभर एकसारखं धोरण आखा. सांगावं लागलं, हीच शरमेची गोष्ट.

आणि पैसे नाहीत, हे कारण आता कुणी पुढे करू नये. २०२२ च्या घोषणेतल्या ६० लाख बायांना महिन्याला दहा पॅड म्हणजे वर्षाला ७२ कोटी पॅड. एका पॅडवर सरकारचे तीन रुपये गेले असं धरलं तरी २१६ कोटी रुपये. राज्य सरकारने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणली आणि तिच्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली. २१६ कोटी म्हणजे त्याचा अर्धा टक्कासुद्धा नाही. त्या योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या दीड हजार रुपयांना माझा विरोध नाही. बाईच्या खात्यात पैसे येतात ते यावेतच. पण ती योजना २१ वर्षांपासून पुढे आहे. पाळी अकराव्या-बाराव्या वर्षी येते. मधली नऊ-दहा वर्षं, शाळेची, शाळा सुटण्याची, लग्न लावून दिलं जाण्याची वर्षं, त्या मुलीच्या नावावर काय आहे?

नवं नाव नको. नवा दर नको. नवं कार्ड, नवं ॲप, नवा शुभारंभ तर मुळीच नको. सहावी ते बारावीच्या प्रत्येक मुलीला शाळेत पॅड फुकट मिळावं. बाईंच्या टेबलाच्या खणात पाकिटं असावीत, वही-सही न मागता मिळावीत. नाणं टाकायच्या यंत्रावर भरवसा ठेवू नये, कारण ते बिघडलं की दुरुस्तीला कुणी येत नाही. शाळेबाहेरच्या मुलीला आणि बाईला आशाताईकडून मिळावं, आणि आशाताईकडे तीन महिन्यांचा साठा असावा. रेशनवर गहू-तांदूळ दर महिन्याला पोचतो, मग त्याच गाडीत पाकिटाचं खोकं का चढत नाही? रेशन दुकानदार पुरुष असेल तर बायांना संकोच होईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून खोकं दुकानातून पुढे अंगणवाडीत जावं. गाडी सरकारची, वाटप बाईच्या हातून.

हे मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. देवगाव फाट्याच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायांना मात्र आजच एक काम करता येतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गावाचा वर्षाचा कर दीड लाख गोळा होत असेल तर ते पंधरा हजार होतात. शाळेत ऐंशी मुली धरा. महिन्याला प्रत्येकीला बारा पॅड, जनऔषधीच्या एक रुपया दराने, बारा महिने: ११,५२० रुपये. बसतं. सरपंचाने तालुक्याला जाताना वर्षातून चार वेळा खोकी गाडीत घालून आणली की झालं, मुंबईची वाट पाहायला नको.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. पुढच्या सभेत विषय लेखी द्या. दहा टक्के कशावर खर्च झाले ते विचारा, पावत्या मागा. शाळेतल्या मुलींच्या पॅडचा ठराव मांडा, सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.